सगळे येईपर्यंत ताटाला हात नाही

पाळकाचं मुख्य काम उपदेश करणं, असा एक समज आहे. तो आम्हा पाळकांनीच पसरवलेला आहे. हयात या कामात घालवल्यावर मी खरं सांगतो, पाळकाचं मुख्य काम जेवण आहे. लग्नाचं जेवण, बारशाचं जेवण, नव्या घराच्या प्रार्थनेनंतरचं जेवण, दुःखाच्या घरचं पिठलं-भाकरीचं जेवण. त्यात कुणाला बोलावलं, कुणाला विसरले, कुणाच्या ताटात फोडी पडल्या आणि कुणाच्या ताटात नुसता रस्सा, हे सगळं सोमवारी सकाळी माझ्या दारात येऊन बसायचं. रविवार देवाचा, सोमवार माझा.

या नाताळ अंकाच्या संपादकांनी मला पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांची शिकवण, विश्वास, आज्ञापालन असा भारदस्त विषय दिला. मी हो म्हणून टाकलं. लिहायला बसलो तर डोळ्यांपुढे मटणाचं पातेलंच येऊ लागलं. आता इलाज नाही, तेच लिहितो. विषय सुटणार नाही, याची हमी देतो.

जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. मंडळी म्हणजे देवळात जमणारी माणसं. तिचा कारभार पंच बघतात आणि पंचांचा राग पाळक बघतो. ठरावीक रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकरीचा एक लहान तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. माणसं पुढे येऊन कठड्याशी गुडघे टेकतात, पाळक एकेकाला देत जातो. जे आजारी आहेत, घरातून उठू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मी एका छोट्या पेटीत थोडी भाकर आणि रस घेऊन दुपारी घरोघर जायचो. ती पेटी माझ्या पिशवीत कायम असायची. चष्मा विसरायचो, पेटी नाही.

आणि प्रार्थनेच्या विनंत्या. माणूस स्वतःपुरतं किती बघतो हे ज्याला शिकायचं असेल त्याने पाळकाकडे येणाऱ्या विनंत्या ऐकाव्यात. एक बाई यायच्या. त्यांच्या मुलाला नोकरी लागावी म्हणून प्रार्थना करा म्हणाल्या. केली. लागली. पुढच्या आठवड्यात परत हजर. "आता काय?" म्हटलं. तर म्हणाल्या, "जावेच्या पोराला पण लागलीय. त्याला तेवढी लांबची बदली मिळावी म्हणून करा की." दुसरे एक गृहस्थ, पौलसभाऊ नावाचे पंच, माझा उपदेश लांबला की खिशातून बडीशेप काढून चावायचे. चावण्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. मी समजायचो आणि आवरतं घ्यायचो. असा आमचा कारभार.

या सगळ्यात सारूबाई वेगळ्या. वयाने आजी, अंगाने काटकी, लिहिता-वाचता येत नव्हतं. राहायच्या वैरागला, धाकट्या मुलाकडे. मुलगा शामू गवंडीकाम करायचा. थोरला मुलगा वसंत सोलापुरात, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला आणि आमच्या मंडळीचा मुख्य पंच. त्यांना सगळे वसंत मास्तर म्हणत. सणाच्या रविवारी सारूबाई येष्टीने यायच्या. शामू त्यांना देवळाच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचा. आत पाऊल टाकायचा नाही.

सारूबाई कठड्याशी येऊन गुडघे टेकायच्या. मी भाकर पुढे केली की हात जोडून म्हणायच्या, "फुडच्याला द्या, सायेब."

पहिल्यांदा मला वाटलं, तब्येत बरी नसेल. दुसऱ्यांदा विचारलं. म्हणाल्या, "माजी दोन पोरं एकमेकांशी बोलत न्हाईत. घरात भांडान ठिवून देवाच्या ताटाला हात कसा लावू?"

"मग पुढे येता कशाला, मावशी?"

"बोलावनं हाय की. बोलावल्यावर याचं न्हाय व्हय?"

आणि दोन माणसं सोडून पलीकडे वसंत मास्तर डोळे मिटून, मान खाली घालून, नेमाने भाकर घ्यायचे. एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं त्यांनी.

भांडणाचं कारण सांगतो. जमीन नाही, घर नाही, पैसा तर नाहीच. कारण वेळ. मी या मंडळीत येण्याआधीची गोष्ट. यांचे वडील भर वैशाखात वारले. सोलापूरचा वैशाख काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. शामू कामावर बीडकडे होता. निरोप पोचायला उशीर झाला, तो निघाला होता. इकडे मास्तरांनी दफनाला चारची वेळ दिलेली. वेळ म्हणजे वेळ. जन्मभर शाळेची घंटा वाजवलेला माणूस. चार वाजले, शवपेटी कबरीत उतरवली, घरच्यांनी मूठमूठ माती टाकली, कबर बुजवली. आमच्यात शेवटी तेवढंच असतं, पेटीवर आपल्या हाताने मूठभर माती. शामू पोचला तेव्हा वर हार पसरून झाले होते. त्याने मूठ भरली, पण टाकणार कुठे? ती मातीवर पडणार, बापावर नाही. मूठ तशीच घेऊन तो फाटकाबाहेर गेला. आई त्याच्या मागोमाग गेली. ती वैरागचीच झाली.

मी दोघांकडे जाऊन आलो. मास्तर म्हणाले, "पाळकसाहेब, उन्हाचे दिवस होते. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?" शामू म्हणाला, "मला काय बोलायचंच न्हाय." दोघांकडे चहा चांगला मिळाला. याहून जास्त काही हाती लागलं नाही. याची खंत मला अजून आहे. शब्द विकून पोट भरणारा माणूस मी, आणि गरजेच्या वेळी एक शब्द सापडू नये!

आता जेवणाकडे येतो. जोंधळे काढून झाले की आमच्याकडे कापणीचा सण असतो. गावोगावची माणसं कणसांच्या पेंढ्या, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात, देवापुढे ठेवतात आणि उपासना संपली की मांडवात प्रीतिभोजन. केमची माणसं पॅसेंजरने येतात, दुधनीची दुसऱ्या गाडीने, गाड्या आपापल्या सवडीने. एका वर्षी शहरातली मंडळी आधी बसली आणि रेल्वेवाले येईपर्यंत पातेल्यात चमचा खडखडायला लागला. केमच्या एक बाई जाताना मला म्हणाल्या, "सायेब, वास लई ग्वाड होता मटनाचा." एवढंच बोलल्या. मी त्या रात्री जेवलो नाही. तसंही उरलं नव्हतंच.

म्हणून पुढच्या उपवासकाळात मी पहिल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं शिकवायला घेतली. लोकांना वाटतं ते पहिले ख्रिस्ती म्हणजे सगळे संत. कसले संत! दोन हजार वर्षांपूर्वीही भांडण जेवणावरूनच. करिंथ नावाच्या बंदरात मंडळी जमायची. सुखवस्तू माणसं लवकर यायची, आपापले डबे उघडून खाऊन-पिऊन तर्र व्हायची. हमाल, मजूर, गुलाम दिवसभराचं काम उरकून यायचे तेव्हा भांडी रिकामी. प्रेषिताने त्यांना पत्रातून असं झोडपलंय की वाचताना आपल्याच पाठीवर वळ उठावेत. त्याचं म्हणणं साधं होतं. घरं नाहीत का तुम्हाला खायला? एकत्र जमता तर एकमेकांसाठी थांबा. मी म्हटलं, विश्वास विश्वास म्हणून आपण गाणी गातो, पण विश्वासाची परीक्षा गाण्यात होत नाही, ताटावर होते. ज्याला दुसऱ्यासाठी थांबता येत नाही त्याने देवासाठी काय थांबायचं?

उपदेश बरा झाला असावा. बडीशेपेचा आवाज आला नाही.

वसंत मास्तरांनी तर पंचांच्या बैठकीत नियमच मांडला. कापणीच्या सणाला, येतो म्हणून कळवलेला शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही. पौलसभाऊंनी विचारलं, "अन् कुणी आलंच नाही तर?" मास्तर म्हणाले, "आज्ञेला पण-परंतु नसतो." नियम मंजूर झाला. मास्तरांनी तो सुवाच्य अक्षरात लिहून फाटकावर लावला.

सणाच्या आधी शामूचा मला फोन आला. "सायेब, आई म्हंती, तू आत येनार आसशील तरच मी येती. न्हाईतर हितनं फुडं यायची न्हाय. तवा येतोय म्हना. जेवायबी." मी रविवारी ते मंडळीला जाहीर केलं. मास्तर गीताच्या पुस्तकात बघत होते.

सण आला. केमवाले आले, दुधनीचे कन्नडमध्ये गप्पा मारत आले. उपासना झाली, प्रभुभोजन झालं. मांडवात पंगती बसल्या, ताटं मांडली, भाकरीचा ढीग आला. बाबूभाईंनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या आचाऱ्याने, पातेल्याचं झाकण उघडलं आणि सगळ्या मांडवाने एकदम श्वास घेतला. फक्त वैरागचे दोघे यायचे होते.

फोन वाजला. मला कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावतो. शामूच होता. "सायेब, वडाळ्याच्या आलीकडं येष्टी बंद पडलीया. दुसरी कवा येती काय सांगता येत न्हाय. तुमी जेवून घ्या. आमच्यासाठी कुनी थांबायची सवं न्हाय आमाला."

मास्तर माझ्या शेजारीच बसले होते.

दहा मिनिटं कुणी हाललं नाही. मग पोरं रडायला लागली. बाबूभाई आले. "पाळकसाब, रस्सा आट रा. बाद में मेरे नाम से बोलना नक्को." पौलसभाऊ म्हणाले, "मास्तर, नियम आपणच केला, आपणच मोडू की. शास्त्र थोडंच आहे?"

"मोडायचाच होता तर केला कशाला?" मास्तर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. माणूस आपल्याच नियमाच्या चिमट्यात सापडला होता. थांबावं तर कुणासाठी? ज्याच्याशी बोलत नाही त्याच्यासाठी. बसावं तर फाटकावर स्वतःचं अक्षर. त्यात त्यांना साखरेचा आजार, गोळी घेऊन झालेली. कपाळावर घाम आला होता. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता आणि मी पातेल्याकडे. मी काही बोललो नाही. पाळकाला अर्धा पगार गप्प बसण्याचाही असतो.

केमवाल्यांच्या पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "मास्तरांची गाडी हाय की दारात."

सगळ्यांच्या माना गाडीकडे. मास्तर जागचे हलेनात.

तेव्हा मार्थावहिनी, मास्तरांच्या पत्नी, भाकरीची टोपली घेऊन उभ्या होत्या त्या बोलल्या. मोठ्याने नाही. "आज एवढ्या लेकराबाळांना उपाशी थांबवलंत. त्या दिवशी एकट्या मामंजींना थांबवायचं होतं. त्यांना तर भूक पण नव्हती. ते थांबले असते."

मास्तरांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि उठले. मीही पिशवी उचलून मागे निघालो. मदत म्हणून म्हणा, किंवा त्या वासात बसवत नव्हतं म्हणा.

वडाळा मागे पडला. येष्टी रस्त्याच्या कडेला उभी होती, माणसं बाभळीच्या विरळ सावलीत. सारूबाई गाठोड्यावर बसलेल्या, शेजारी कणसांची पेंढी आणि एक भोपळा. शामू उभा.

मास्तर गाडीतून उतरले. "उशीर झाला," म्हणाले.

"येष्टीला झाला," शामू म्हणाला.

"थांबलोय आम्ही."

"कोन?"

"सगळेच. मी बी."

जन्मभर पोरांचं मराठी सुधारलेल्या माणसाच्या तोंडून तो 'बी' निघाला. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. शामू रस्त्याकडे वळला. मग म्हणाला, "दादा, बापाला मूठभर माती द्याची हुती मला. आनिक काय पायजे नव्हतं."

"माहिताय."

"माहीत हुतं तर मग?"

"मग काय." मास्तर एक पाऊल पुढे आले. "थांबायला पाहिजे होतं, शामू. थांबायला पाहिजे होतं मी."

पश्चात्तापाच्या लांबलचक प्रार्थना मी शेकड्याने ऐकल्यात. त्यांतल्या बऱ्याच मीच म्हटल्यात. एवढी छोटी ऐकली नव्हती. शामूने भोपळा उचलून दादाच्या हातात दिला आणि स्वतः पेंढी उचलली.

सारूबाईंनी थोरल्याकडे बघितलं. "त्वांड का असं वाळलंय? जेवला न्हाईस?"

"नाही. सगळे आल्याशिवाय जेवायचं नाही असा नियम आहे."

"आता कोन ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं.

सारूबाई माझ्याकडे वळल्या. "सायेब, तुमची ती आजाऱ्याची पेटी संगं हाय का?"

होती. चष्मा मांडवात राहिला होता. मी पेटी काढली. मास्तर जरा मागे सरकले. म्हणाले, "आई, तुम्ही दोघं घ्या. मी सकाळी घेतलं."

"त्ये तुजं तू येकट्यानं घेतलंस," सारूबाई म्हणाल्या. "हे घरचं हाय. ये."

बाभळीखाली, बंद पडलेल्या येष्टीशेजारी, चष्म्याविना, पाठ असलेले शब्द म्हणत मी तिघांना भाकर दिली. सारूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. इतक्या वर्षांनी हात पुढे आले होते. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "काय परसाद हाय काय?" सारूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "व्हय बाबा, परसादच म्हन." पेटीत तीन आजाऱ्यांचं होतं, ते संपलं. त्या दुपारी मला आजाऱ्यांकडे रिकाम्या हाताने जाऊन कारण सांगावं लागलं. कुणी तक्रार केली नाही.

मांडवात पोचलो तेव्हा रश्श्यावर चरबीचा थर धरला होता. पंगत तशीच बसलेली होती. ताटाला कुणी हात लावला नव्हता, पोरांनाही भाकरीचा कोर देऊन गप्प केलं होतं. पौलसभाऊ मात्र बडीशेप चावत होते. बडीशेप नियमात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. शामू फाटकातून आत आला आणि दादाशेजारी बसला. जेवताना दोघे एकमेकांशी एकेकच वाक्य बोलले. मास्तर म्हणाले, "मीठ कमी आहे." शामू म्हणाला, "हाय बराबर."

सारूबाई नंतर बरीच वर्षं येत राहिल्या. दर वेळी भाकर घेतली.

मी निवृत्त झाल्यावर एके सकाळी मास्तर दारात उभे. आई रात्री गेली. वैरागला. तिथेच माती द्यायची होती. वैरागच्या लहान मंडळीला आता स्वतःचे तरुण पाळक होते, तेव्हा माझ्यावाचून काही अडत नव्हतं, तरी मास्तर म्हणाले, चला. दिवस पुन्हा वैशाखाचे. मास्तर गाडी चालवत होते, मी शेजारी, मार्थावहिनी मागे. बार्शी रस्त्याचं काम चाललेलं, एकेरी वाहतूक, ट्रकची रांग. मास्तर सारखे मनगटावर बघत होते. ऊन चढत होतं. त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना असेल किंवा हिशोब असेल, मी विचारलं नाही. काय होणार याची भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट होती. शामू न थांबता माती देऊन मोकळा झाला असता, तरी कुणी त्याला दोष देऊ शकलं नसतं.

वडाळ्याजवळ मास्तरांचा फोन वाजला. स्पीकर माझ्यासाठीच लावला त्यांनी.

"दादा, कुटवर आलास?"

"शामू, रस्त्याचं काम आहे रे. उशीर होतोय. तुम्ही... ऊन फार आहे. तुम्ही उरकून घ्या."



"आरं उरकून काय घ्या? सावकाश ये. गाडी जोरात हानू नगंस. आई हाय हितंच, मी बी हाय. आमी थांबलोय."

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. बाजूला तीच बाभळ होती. मागून मार्थावहिनींनी पाण्याची बाटली पुढे केली. चला, असं कुणीच म्हणालं नाही. तिकडे सगळे थांबले होते.